सार्वजनिक म्हातारी, नग एक

ही गोष्ट एकोणीसशे सदुसष्ट सालची. साल पक्कं सांगता येतं, कारण त्याच्या आदल्याच वर्षी वरच्या शहरातल्या बागेत कारंज्याला चौथा रंग आला होता. तांबडं, हिरवं आणि पिवळं पाणी आधीपासून उडत होतं, त्यात जांभळं आलं. खालच्या वस्तीसाठी मंजूर झालेली रक्कम दर वर्षअखेर कशी कोण जाणे शिल्लक राही, आणि ती शिल्लक कारंज्यात जाई. पाणी वरून खाली वाहतं म्हणतात. नगरपालिकेचा पैसा मात्र खालून वर वाहत असे.

वस्तीतून वर जायला एकशे बारा पायऱ्या होत्या. वरून उतरताना पायऱ्या संपल्या की डाव्या हाताला पहिलंच घर लागे. तिथे एक सासू आणि एक सून राहत. सासूचा मुलगा बसच्या कारखान्यात होता आणि घरात बोलायची वेळ आली की तो कारखान्यात असे. सासूबाईंचं वय एकोणसत्तर. वस्तीत त्यांना फौजदार आजी म्हणत, कारण त्यांचा संशय कुणालाच चुकला नव्हता. दूध नासलं तर दूधवाल्याने पाणी घातलं, आणि नासलं नाही तर पावडर घातली. सून मनाने सरळ. चाळिशीची, सुवाच्य अक्षराची, आणि वस्तीतले सगळे अर्ज तिच्याच हातचे.

त्या साली तिने एक अर्ज लिहिला होता. वस्तीत बायकांसाठी काही सोय नव्हती. पुरुषांसाठी कोपऱ्यावर पत्र्याचा एक आडोसा होता, तोही झुकलेला. त्याला सगळे नुसतं "कोपरा" म्हणत. बायकांना एकशे बारा पायऱ्या चढून मंडईमागे जावं लागे, आणि तिथलं दार संध्याकाळी सहाला बंद होई. सासूबाईंचे गुडघे गेलेले. दुपारनंतर त्या पाणी प्यायच्या बंद झाल्या होत्या. "तहान लागत नाही," म्हणायच्या. सुनेला ठाऊक होतं की लागते. म्हणून तिने लिहिलं, आणि मोठ्या मर्यादेने लिहिलं. "कोपऱ्यावरची जुनी सोय मोडकळीस आली आहे, दुर्गंधी येते, तरी ती पाडून त्या जागी स्त्रियांसाठी नवीन सोय करावी." त्याखाली बेचाळीस बायकांच्या सह्या आणि अंगठे होते. पहिला अंगठा सासूबाईंचा.

अंदाजपत्रक मंजूर झालं आणि त्याची यादी वर नगरपालिकेच्या फळ्यावर लागली. पायऱ्यांच्या माथ्यावर दुकान असलेल्या शिंप्याने ती वाचली, मापांच्या वहीत उतरवून घेतली आणि सुई टोपीला टोचलेली तशीच ठेवून तो खाली आला. सासूबाई दारात बसल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि वाचून दाखवलं.

"खालची वस्ती, पायऱ्यांच्या तळाशी. जुनी, मोडकळीस आलेली व दुर्गंधी पसरवणारी सार्वजनिक म्हातारी पाडून त्याच जागी नवीन उभारणे. नग एक."

सासूबाईंनी पदर नाकाशी नेऊन हुंगला. मग सासूबाई म्हणाल्या, "दुर्गंधी कोण म्हणालं?"

शिंपी म्हणाला की तसं लिहिलंय खरं. सून चप्पल घालून धावत वर गेली आणि स्वतः वाचून आली. अक्षर न् अक्षर तेच होतं. वस्तीत म्हाताऱ्या आणखीही होत्या, पण पायऱ्यांच्या तळाशी एकच. आणि सार्वजनिक म्हणावी अशी तर निःसंशय एकच. सबंध वस्तीच्या घरात त्यांचं नाक असे.

"आणि नग तर तुम्ही आहातच," शिंपी धीर द्यायला म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या सुनेकडे बघत होत्या. अर्ज कुणी लिहिला होता? सुनेने. मोडकळीस, दुर्गंधी, पाडून, नवीन, हे शब्द कुणाचे? सुनेला कबूल करावं लागलं की शब्द तिचेच, पण ते कोपऱ्याबद्दल होते. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, की मग कागदावर कोपरा का नाही. सासूबाईंनी आपला उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरून नीट निरखला. स्वतःच्याच पाडकामावर त्यांनी तो उठवला होता.

त्या दिवसापासून त्या तिला "पोरी" म्हणायच्या थांबल्या आणि "सूनबाई" म्हणू लागल्या. चहा आला की, "आधी तू घे घोट, सूनबाई." आपल्या ट्रंकेला त्यांनी दोन कुलपं लावली आणि पाडायला कुणी आलं तर कळावं म्हणून खाट दाराला लावून घेतली. मुलाने समजूत घालायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला विचारलं, की नवीन उभारायची ठरलीय ती कुणाच्या ओळखीतली. तो कारखान्यात निघून गेला.

सुनेला वाटलं होतं की चार दिवसांत निवळेल. तिसऱ्याच दिवशी दोन माणसं मोजपट्टी घेऊन दारात उभी राहिली. दोघंही पोक्त, गंभीर, कानाला पेन्सिल लावलेले. नगरपालिकेकडून आलोय म्हणाले, माप घ्यायचंय.

"कसलं माप?" सुनेने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईमाणसासमोर कसं सांगावं, असा त्यांचा चेहरा झाला. मग त्यातला थोराड खाकरून म्हणाला, "ती जुनी, पायऱ्यांच्या तळाशी आहे ती. पाडायची आहे ना. कुठंय?"

खोटं बोलायची सुनेला सवय नव्हती.

"आत पडल्यात जरा," ती म्हणाली.

"पडली का? बरं झालं," थोराड जोडीदाराला म्हणाला, "निम्मं काम झालं. लिही."

जोडीदाराने लिहिलंही. लांबी-रुंदी घ्यावी म्हणून थोराडाने मोजपट्टी उलगडली, तोच आतून सासूबाई हातात खराटा घेऊन बाहेर आल्या. पुढचं फार थोडक्यात आटोपलं. मोजपट्टी तिथेच राहिली आणि ते दोघं एकशे बारा पायऱ्या न थांबता चढून गेले. सासूबाईंनी मोजपट्टी गुंडाळून ट्रंकेत ठेवली. पुरावा म्हणून.

"उद्या वर जायचं," त्या म्हणाल्या. "तुझा अर्ज काढायला लावते. तू पण चल, सूनबाई. पुढं चाल, माझ्या नजरेसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. दर वीस पायऱ्यांना सासूबाई बसत, गुडघे चोळत, आणि सुनेने हात पुढे केला की तो ढकलतो की ओढतो हे आधी बघत.

नगरपालिकेत हेडक्लार्कच्या टेबलाशी त्या उभ्या राहिल्या. हेडक्लार्क सडपातळ, सभ्य, खिशात दोन रुमाल बाळगणारे गृहस्थ होते. सासूबाईंनी सरळ विचारलं, की मला केव्हा पाडणार. त्यांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. मग सुनेने यादीतली ओळ म्हणून दाखवली. हेडक्लार्कांनी मूळ अंदाजपत्रक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि त्यांच्या कपाळाला घाम फुटला. पहिला रुमाल निघाला.

"हे असं नाहीये," ते म्हणाले.

"मग कसं आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"ते म्हणजे... दुसरंच आहे. ते आपलं, हे."

"हे म्हणजे कोण?"

हेडक्लार्कांनी टायपिस्टला बोलावलं. वीसेक वर्षांची मुलगी, नोकरीचा दुसरा महिना. तिला विचारल्यावर ती रडवेली झाली, पण खरं सांगितलं. हेडक्लार्क मजकूर सांगत होते आणि ती टाइप करत होती. रस्ते, दिवे, कारंजं, सगळं खणखणीत सांगितलं. या ओळीवर आले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, रुमाल तोंडाला लावला आणि हळूच काहीतरी म्हणाले. तिला "तारी" एवढंच ऐकू आलं. तिने पुन्हा विचारलं तर म्हणाले, "तेच ते. लिहा."

"मग मी म्हातारी लिहिलं," ती म्हणाली. "दुसरं काय असेल तारी?"

सुनेने मनातल्या मनात तारीच्या आधी एकेक अक्षर लावून पाहिलं. मग तिला एकदम हसू फुटलं, इतकं की तिला टेबल धरावं लागलं. मुतारी. भल्या घरच्या मुलीसमोर तो शब्द कसा उच्चारायचा म्हणून हेडक्लार्कांनी एक म्हातारी पाडायला काढली होती. मोजपट्टीवाल्यांनाही तसंच कुणीतरी नुसतं "जुनी" म्हणून सांगितलं असणार. तिने वाकून सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्या हसल्या नाहीत. फक्त विचारलं, की अर्जात तू हा शब्द लिहिला होतास का. नव्हता, सून म्हणाली. मी सोय लिहिलं होतं.

हे म्हणताना तिचं हसू विरलं. तिने हेडक्लार्कांना विचारलं, की ती जी काय पाडून नवीन बांधायची, ती कुणासाठी.

"पुरुषांसाठीच असते ती," हेडक्लार्क दुसरा रुमाल काढत म्हणाले.

"आम्ही बायकांसाठी मागितली होती. बेचाळीस सह्या आहेत."

त्यावर त्यांनी दोघींना मुख्याधिकाऱ्यांकडे नेलं. मुख्याधिकारी जाड भिंगाचे, थकलेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि ओळ तीनदा वाचली. मंजूर अंदाजपत्रकातलं अक्षर बदलायचं तर खास सभा बोलवावी लागेल, ते म्हणाले, तिथे ही ओळ मोठ्याने वाचावी लागेल, आणि अकरा सभासदांनी हात वर करून काय पाडायला मंजुरी दिली ते वर्तमानपत्रात येईल. त्यापेक्षा राहू द्यावं. रक्कम शिल्लक पडेल. बायकांनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

"शिल्लक कुठं जाते?" सासूबाईंनी विचारलं.

मुख्याधिकाऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बागेत कारंजं जांभळं उडत होतं.

सुनेला वाटलं आता संपलं. पायऱ्या उतरायच्या, पुढच्या वर्षी पुन्हा बेचाळीस दारं ठोठावायची, आणि सासूबाईंनी दुपारनंतर पाणी प्यायचं नाही. ती उठली. सासूबाई उठल्या नाहीत.

"अक्षर बदलता येत नाही म्हणता," त्या म्हणाल्या. "नका बदलू. म्हातारी म्हणजे बाईच ना?"

"अर्थात," मुख्याधिकारी म्हणाले.

"आणि पैसे तिच्याच नावावर. पायऱ्यांच्या तळाशी, नग एक. तो नग मी. मोडकळीस आलेय, तेही खरं. दुर्गंधीचं मागाहून बघू. मला पाडू नका, पण माझ्यासाठी उभारा काय उभारायचं ते. मला रोज एकशे बारा पायऱ्या ज्यासाठी चढाव्या लागतात, ते खाली आणून बांधा. नाहीतर घ्या मला पाडायला. मी इथेच बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला यादी वाचून दाखवायला सून आहेच माझी. अक्षर चांगलं आहे तिचं, आवाजही खणखणीत आहे."

सुनेने ताबडतोब घसा साफ केला.

मुख्याधिकाऱ्यांनी भिंगं पुसली, दार बंद करायला सांगितलं आणि फायलीवर स्वतःच्या हाताने शेरा लिहिला. सार्वजनिक म्हातारी पाडणे तूर्त आवश्यक नाही. तथापि तिच्या देखभालीसाठी त्याच जागी बांधकाम करावे, चार दारे, पाणी, दिवा, झाडणारी बाई. स्त्रियांकरिता, कारण म्हातारी स्त्री आहे. खर्च दरवर्षी चालू राहण्यासाठी म्हातारी अस्तित्वात असल्याचा दाखला दरवर्षी घ्यावा.

सासूबाईंनी शेरा सुनेकडून दोनदा वाचून घेतला, अंगठा उठवण्याआधी कागदाची मागची बाजूही बघितली, आणि मगच उठवला. परतताना शिंप्याने चहा दिला. सुनेने सवयीने आधी घोट घ्यायला पेला तोंडाला लावला.

"दे इकडं, पोरी," सासूबाई म्हणाल्या. "निवतोय." आणि त्यावर तांब्याभर पाणी प्यायल्या. दुपारचे दोन वाजून गेले होते.

चार दारांची ती इमारत त्याच वर्षी उभी राहिली. झुकलेला कोपराही नंतर वस्तीतल्या पुरुषांनी आपला आपण नीट केला, कारण नगरपालिकेत जाऊन तो शब्द म्हणायची कुणाची तयारी नव्हती. हेडक्लार्क मानाने निवृत्त झाले. शेवटपर्यंत ते "तेच ते" म्हणत. टायपिस्ट मुलगी पुढे स्वतः हेडक्लार्क झाली आणि मजकूर इतक्या मोठ्याने सांगू लागली की अंदाजपत्रक रस्त्यावरच्या लोकांना आधी कळे. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. शिंप्याची मोजपट्टी एकदा हरवली तेव्हा सासूबाईंनी त्याला ट्रंकेतली दिली, पावती घेऊन. कारंजं पाचव्या रंगाच्या आधीच बंद पडलं.

सासूबाई आणखी एकवीस वर्षं जगल्या. दरवर्षी नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन येई, आणि "स्थिती" या रकान्यात त्या त्याला "मजबूत" असं लिहायला लावत. त्या गेल्या त्या वर्षी तो आला आणि दारात घुटमळला. म्हातारी नाही म्हटल्यावर पाणी, दिवा, झाडणारी बाई, सगळं बंद होणार होतं. फाइल चाळता चाळता त्याला तीच जुनी ओळ दिसली. त्याने ती दोनदा वाचली: जुनी पाडून त्याच जागी नवीन. मग त्याने समोर उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. केस पांढरे, चष्मा, एकसष्ट वर्षं.

त्याने कागद पुढे केला.

सुनेने सहीसाठी पेन हातात घेतलं. आयुष्यभर सरळ मनाने सह्या केलेल्या त्या बाईने कागद आधी उजेडाला धरला, उलटा करून मागे बघितलं, एकेक अक्षरावरून बोट फिरवलं. तिची स्वतःची सून चहा घेऊन दाराशी आली होती. ती म्हणाली, "आई, कसला कागद आहे?"

या नव्या सासूने चष्म्यावरून तिला निरखलं.

"कशाला हव्यात चौकशा?" ती म्हणाली. "आणि सूनबाई, चहाचा आधी तू घे घोट."