एक खुर्ची, एक कोट

अड्याळच्या टिकारामच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर एक, खुर्ची एक आणि बसणारे तीन. टिकाराम पासपोर्ट फोटो करायचा, त्याची मुलगी अपेक्षा लग्नपत्रिका आणि भाचा भूपेंद्र फ्लेक्स. दुकानात कोटही एकच, आणि तो कॉम्प्युटरातच. बनियनवर आलेल्या माणसालाही टिकाराम फोटोत तो निळा कोट चढवून द्यायचा.

त्या दिवशी कोट खुद्द भूपेंद्रला हवा होता. कोंढ्याच्या परसरामनं आपल्या मुलीसाठी, मेघासाठी, त्याचा फोटो मागवला होता. आधीची दोन स्थळं हातची गेलेली. त्यात मेघा त्याला मंडईच्या जत्रेत दिसली होती, आणि तेव्हापासून गड्याचं कशात लक्ष नव्हतं. त्यानं गालावरचे खड्डे बुजवले, रंग उजळला, कोट चढवला आणि 'फायनल' नावानं फोटो ठेवला. तेवढ्यात बाहेर फ्लेक्सचा दोर सुटला. बिचारा धावत जाऊन शिडीवर चढला.

खुर्ची रिकामी दिसली की बसायचं, हा दुकानाचा कायदा. टिकाराम बसला. मंगरू म्हातारा पेन्शनच्या फोटोसाठी केव्हाचा ताटकळला होता.

"मामा, माहं काम उघडं आहे जी! बंद नोका करू!" भूपेंद्र शिडीवरून ओरडला.

"नाही करत ना बे!"

आणि मामानं खरंच बंद केलं नाही. आयता कोट समोर होता. भूपेंद्रचं डोकं पुसलं, मंगरूचं बसवलं, त्याच नावानं सेव्ह केलं, छापून दिलं. मंगरू खूश होऊन गेला. टिकाराम उठला, अपेक्षा बसली.

"अपेक्षा, तो फायनल फोटो कोंढ्याले पाठवून दे वो!" पुन्हा शिडीवरून हाक.

तिच्यापुढे पत्रिकावाल्यांची झुंबड. तिनं न पाहताच दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडून दिला.

संध्याकाळी दुकानाच्या फोनवर परसराम.

"फोटो भेटला जी. मानूस शांत दिसते."

"हाव जी," भूपेंद्र लाजला.

"पन वय जरा जास्त वाटून राहिलं."

"नाही जी! उन्हातलं काम हाये ना!"

"आन दात?"

"दात?"

अपेक्षानं फोटो उघडला आणि कपाळावर हात मारला. निळ्या कोटात मंगरू बोळकं पसरून हसत होता. भूपेंद्रला वाटलं, गेलं, हेही स्थळ गेलं!

"काहून असं केलं जी, मामा?"

"तूच तं म्हनलं, बंद नोका करू!"

अपेक्षानं फोन हिसकावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. मग परसराम म्हणाला, "फोटो राहू द्या. पोट्ट्यालेच पाठवा."

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र साध्या शर्टात कोंढ्याला गेला. वाटेत घोकलेलं सगळं दारातच विसरला. मान खाली घालून बसला. शेवटी धीर करून वर पाहिलं, तर समोरच्या भिंतीवर परसरामचा मोठा फोटो. अंगात तोच निळा कोट!

परसराम ओशाळला. "अड्याळलेच काढला होता जी. अंगात नुसती बनियन होती."

घरभर हसू फुटलं. भूपेंद्रचाही जीव भांड्यात पडला. मेघानं चहाचा कप पुढे केला आणि हळूच म्हणाली,

"माह्या जिजाजीच्या फोटोत बी हाच कोट आहे. लग्नात तरी दुसरा शिवून घेजा."