पुलावर थांबलेला गाठोड्या

शाळेचे दोनशे चाळीस पट्टे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शिवून द्यायचे होते. शनिवारी ते खांद्यावरून तिरके घालून सगळी पोरं मैदानात चालणार होती. लाल पट्टा शौर्य गटाचा, हिरवा निष्ठेचा, पिवळा ज्ञानाचा, निळा सेवेचा. दोघीच जणी बिनपट्ट्याच्या राहणार होत्या, आणि त्यातली एक खुद्द पट्टे शिवणाऱ्या आजीची नात. हे बुधवारी संध्याकाळी कळलं.

"काय दिवे लावलेस?" आजीने विचारलं. ओठांत टाचण्या होत्या, म्हणून आवाज नेहमीपेक्षा मऊ आला.

"मी काही नाही केलं. गाठोड्यामुळे झालं."

आजीने टाचण्या काढून त्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. गाठोड्या तिचाच होता. नात वेणीला पाच मिनिटं धड बसत नसे, म्हणून रोज सकाळी दोन वेण्यांच्या मापाची गोष्ट सांगावी लागायची. पुढे राजपुत्र, मागे त्याचं ओझं वाहणारा गाठोड्या. रिबिनीची गाठ बसली की गोष्ट असेल तिथे तुटायची. एकदा राजपुत्र पुलावर म्हणाला, "गाठोड्या, थांब इथेच, मी आलोच," आणि गाठ बसली. दुसऱ्या दिवशी आजीच्या डोक्यात गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचा गळा होता. तिने राजपुत्राला सरळ राजवाड्यात नेलं.

चौथ्या दिवशी नातीने विचारलं, "आणि गाठोड्या?"

"उभा आहे की पुलावर."

"चार दिवस? वाघ आला असता म्हणजे?"

"आला होता. हा हलला नाही. गेला वाघ कंटाळून. मान सरळ ठेव."

एवढंच. पण नात निष्ठा गटातली. तिने गाठोड्याचं चित्र काढून वर्गात हिरव्या फळ्यावर लावलं. तिच्याच बाकावरची, पहिलीपासूनची जिवाची मैत्रीण म्हणजे डॉक्टरांची मुलगी, ती शौर्य गटातली. ती म्हणाली, वाघासमोर हलत नाही तो शूर, म्हणजे आमचा. नात म्हणाली, थांब म्हटल्यावर थांबतो तो निष्ठावान, म्हणजे आमचा. मग चित्र ओढलं गेलं, फाटलं, आणि पाण्याची बाटली उडून ज्ञान गटाच्या फळ्यावर फुटली. त्या बिचाऱ्यांचं तर यात नावही नव्हतं. वर्गाच्या बाईंनी निकाल दिला: तो कुठल्या गटाचा ते ठरेपर्यंत दोघींनाही पट्टा नाही, आणि ते पुस्तक उद्या वर्गात आणायचं.

"कुठलं पुस्तक?" आजी म्हणाली.

नात पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागली. "ती म्हणाली, घरी बनवलेली गोष्ट खरी नसते. म्हणून मी सांगितलं, पुस्तकात आहे."

इथेच आजीने 'पुस्तकबिस्तक काही नाही' म्हणायला हवं होतं. पण मागच्या महिन्यात तिनेच फाटकापाशी बाईंना ऐकवलं होतं, "आमच्या घरात पुस्तकांना तोटा नाही." चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने असं का बोलावं, ते ज्याचं त्याला ठाऊक. शिवण चुकली तर उसवता येते. बोललेलं उसवायची सोय नाही.

गुरुवारी सकाळी आजी आणि सून मिळून साटीन कापत होत्या. आजीने घड्याळ पाहिलं आणि कापडाचं टोक सुनेच्या हातात दिलं.

"हे धर. सोडलंस तर सगळं घसरेल आणि आखलेल्या रेघा वाकड्या होतील. मी आलेच."

"बरं, आई," सून म्हणाली. ती नेहमी एवढंच म्हणायची.

आजीने मापांची जाडजूड वही घेतली, तिला खाकी कव्हर घातलं आणि शाळा गाठली.

बाईंचा घसा बसला होता, बाहीला खडू लागला होता, आणि टेबलावर तपासायच्या वह्यांचे तीन गठ्ठे होते. "वाचा, आजी," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत अंग टाकून डोळे मिटून बसल्या.

आजीने वही उघडली, चष्मा सावरला आणि पूल, पाणी, वाघाच्या मिशा असं झकास वाचायला लागली. पान उलटायचंसुद्धा विसरली नाही. पण डॉक्टरांची मुलगी सरळ उठून तिच्या कोपराशी आली.

"बाई, यात माझी कंबर आहे."

"काय आहे?"

"कंबर बावीस, खांदा अकरा. आणि पुढे लिहिलंय, 'फार हलते'."

वर्ग हसला. आजीने वही मिटली. उभ्या आयुष्यात ती कुणापुढे खाली पाहून बोलली नव्हती, तेव्हा आताही भिंतीवरच्या नकाशाकडे बघून बोलली.

"पुस्तक नाही. गोष्ट माझी. वेणी संपली म्हणून तो पुलावर राहिला. मी विसरले त्याला."

हसू थांबलं. नातीने विचारलं, "विसरलीस?" त्या एका शब्दापुढे सगळ्या वर्गाचं हसणं परवडलं असतं.

"मग तो थांबला कशाला?" डॉक्टरांची मुलगी म्हणाली. "निघून जायचं ना."

बाईंनी कपाळ चोळलं. "तो का थांबला ते उद्या कळवा. त्यावरून गट ठरवू, मग पट्टे. आता मला या वह्या बघू द्या."

आजी घरी पोचली तेव्हा दोन तास उलटून गेले होते. सून स्टुलावर भिंतीला पाठ टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, मुठीत साटीनचं टोक. कापड जागचं इंचभर हललं नव्हतं.

"अगं, अजून धरून बसलीस?"

"सोडू नको म्हणालात."

आजीचा ऊर भरून आला. निष्ठा म्हणतात ती हीच, आणि ती आपल्याच घरात. "एवढी आज्ञाधारक कधीपासून झालीस गं?"

सुनेने टोक दुसऱ्या मुठीत घेतलं. मग म्हणाली, "आज्ञा कसली, आई. समोरची दोनदा बोलवायला आली. फोन वाजला. तुमच्या लेकाने आतून विचारलं, माझे मोजे कुठे आहेत. सगळ्यांना सांगितलं, हातात टोक आहे. कुणी पुढे एक शब्द बोललं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, भरदिवसा असं बसायला आज मिळालं."

आजी तिच्याशेजारी फरशीवर बसली.

"आणि वाघ आला असता तर?" तिने विचारलं.

"कसला वाघ?"

"असाच एखादा."

"त्यालाही सांगितलं असतं, टोक आहे हातात."

शुक्रवारी सकाळी आजीने वेण्या सावकाश घातल्या आणि गाठोड्या पुलावर का थांबला ते सांगितलं. रिबिनीची गाठ बसली, तरी गोष्ट संपेपर्यंत तिने केसांवरचा हात काढला नाही.

दुपारी नात आणि डॉक्टरांची मुलगी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून आल्या. सकाळीच शाळेत पोचवलेल्या पट्ट्यांतला हिरवा एकीच्या खांद्यावर, लाल दुसरीच्या. गाठोड्याचं फाटलेलं चित्र चिकटवून बाईंनी आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं होतं. तिथे कुठलाच गट नव्हता. पोरींच्या हाती बाईंची चिठ्ठी होती. सुनेने ती वाचून दाखवली: "गाठोड्याचं कारण कळलं. शौर्य नाही, निष्ठाही नाही, तरी पटलं. दोघींना पट्टे दिले आहेत. तो पूल कुठे आहे, तेवढं कळवावं."

सून खुदकन हसली.

"दात काय काढतेस," आजी म्हणाली. "निळे वीस पट्टे कापायचे राहिलेत. हे टोक धर. मी आलेच."

ती मागच्या दारी गेली आणि पायरीवर बसली. तासभर आत फिरकायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पायरी गार होती. इतक्यात घरातून लेकाची हाक आली, "आई, माझे मोजे?"

आजीने इकडेतिकडे पाहिलं, आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं.