काकाजींचं विरजण

सोमकुवर काकाजींच्या घरी गेलेल्या माणसाला पाणी मिळत नाही, आधी त्याची परीक्षा होते. समोर काचेचा ग्लास येतो, ग्लासासोबत पितळी कडीचं भिंग येतं, आणि काकाजी म्हणतात, "पाह्य बरं, आहेत काय?"

पाहुण्याने ग्लास उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पाण्यात कोणी पोहतंय का ते सांगायचं. नाही म्हटलं की काकाजी हिरमुसतात, आहेत म्हटलं की पाहुणा हिरमुसतो. हा ग्लास पिण्याचा नाही, मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यातला आहे, हे ते सगळ्यात शेवटी सांगतात. पिण्याचं पाणी दुहेरी कपड्यातून गाळल्याशिवाय त्यांच्या घरात माठात पडत नाही.

त्या ग्लासात असतात ते खसखशीएवढे, झटके देत पोहणारे जीव. शाळेच्या पुस्तकात त्यांना सायक्लॉप्स म्हणतात. काकाजी म्हणतात, "आपले लोक."

आता हे आपले लोक कोण, ते ऐका. काकाजी आरोग्य खात्यात होते. तरुणपणी त्यांची बदली झाबुआकडे झाली, नारू हटवण्याच्या कामावर. नारूचं पिल्लू या सायक्लॉप्सच्या पोटात बसतं, विहिरीच्या पाण्यातून माणसाच्या पोटात जातं आणि वर्षभराने हातभर जंत होऊन पायातून बाहेर निघतं. काकाजी तो जंत काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत, आणि विहिरींत औषध टाकून सायक्लॉप्स मारत. देशातून नारू गेला. काकाजी निवृत्त होऊन आमच्या गावी, सौसरला, परत आले आणि पगारावर ज्यांना मारलं त्यांनाच पेन्शनवर पोसू लागले. हृदयपरिवर्तन म्हणतात ते हेच असावं.

मी एकदा हे तोंडावर म्हटलं. काकाजी शांतपणे म्हणाले, "गुन्हा जंताचा होता रे, हे त नुसते गाडीवाले होते. सवारी उतरली, आता गाडीवाल्यावर काय राग?"

आमच्या मोहल्ल्यात नळ रोज येत नाही. त्यामुळे दारोदारी ड्रम, ड्रमात पाणी, पाण्यात डासांच्या अळ्या. यावर काकाजींचा इलाज एकच. दह्याला विरजण मागावं तसं त्यांच्याकडे वाटी घेऊन जायचं. ते टाक्यातलं पाणी वाटीत देतात आणि ती वाटी सांडण्याच्या, म्हणजे वापराच्या पाण्याच्या ड्रमात ओतायची. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळ्या आपले लोक फस्त करतात म्हणे. मग काकाजी दर आठवड्याला चौकशीला हजर. लेकराबाळांचं विचारत नाहीत. "तुमच्या ड्रमातले बरे आहेत ना?" असं विचारतात, भिंग घरमालकिणीच्या हातात देतात आणि तिलाच पाहायला लावतात. मादी दिसली तर तिच्या शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या मोजायच्या. चहा येईपर्यंत मोजणी चालते.

आम्ही मात्र विज्ञानवादी. मोहल्ल्यात डेंगूचे ताप निघाले तेव्हा आम्ही पोरांनी समिती काढली आणि पांढुर्ण्याहून पत्रक छापून आणलं. अध्यक्ष मी, मजकूरही माझा. "पाण्यात हलणारा प्रत्येक जीव तुमचा शत्रू आहे! ड्रम उलटा, टाकी घासा, झोपलेल्यांना जागं करा!" पहिली प्रत मी मुद्दाम काकाजींना दिली. त्यांनी ती माझ्याकडूनच वाचून घेतली. ऐकून झाल्यावर म्हणाले, "प्रत्येक? तुही ओळख झाली काय प्रत्येकाशी?"

मग मला बसवून शिकवलं. पाण्यातली हिरवळ आपले लोक खातात, त्यांना मासोळीची पिल्लं खातात, "अन् मोठी झालेली मासोयी रामाकोन्याच्या बजारातून तू आणतं. आजोबाले दुश्मन म्हणून राहिला तू."

मी उठून आलो. जागृतीच्या आड येणाऱ्याला मी म्हातारा म्हणून सूट देत नाही, असं माझं तेव्हा धोरण होतं.

पुढच्याच आठवड्यात काकाजी नागपूरला गेले, तीन दिवस, डोळे दाखवायला. कुलूप घराला होतं, अंगणाला नव्हतं. समितीने टाकं उपसलं, ब्लीचिंग टाकून घासलं, धुतलं आणि नळ आल्यावर काठोकाठ भरलं. फोटो काढला. खाली लिहिलं, "अंधश्रद्धेचा एक किल्ला ढासळला."

काकाजी परतले त्या दुपारी मी युक्तिवाद पाठ करूनच गेलो. ते टाक्याच्या काठावर बसले होते. टाकं आरशासारखं चकचकीत, तळाचा खडा दिसत होता. मी भांडणाची वाट पाहत उभा राहिलो. काकाजींनी ग्लास बुडवला, भिंगासकट माझ्या हातात दिला.

"पाह्य बरं, आहेत काय?"

ग्लास घेताना मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याकडे पाहत नव्हते, पाण्याच्या जरा बाजूला पाहत होते. परीक्षा वगैरे काही नव्हती. दारोदारी भिंग दुसऱ्याच्या हातात का द्यायचे, पत्रक माझ्याकडून का वाचून घेतलं, ते मला तेव्हा कळलं. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. काकाजी म्हणाले, "म्हणे, आता नजर आहे तेवढीच राहीन. तू पाह्य ना."

मी पाहिलं. स्वच्छ पाणी होतं. इतकं रिकामं पाणी मी आधी पाहिलं नव्हतं.

"आहेत," मी म्हणालो.

"पिशव्यावाल्या?"

"दोन."

काकाजींनी मान हलवली आणि ग्लासातलं पाणी हळूच टाक्यात परत ओतलं.

घरी आलो आणि आईला विचारलं, मोहल्ल्यात काकाजींचं विरजण कोणाकडे शिल्लक असेल. तिने हातातली भाजी खाली ठेवून मला नीट न्याहाळलं. म्हणाली, "न्हाणीमागच्या ड्रमात पाह्य. तीन वर्षं झाली. तुया पत्रकाच्या भेवानं त्यावर पाट ठेवला."

समितीच्या अध्यक्षाच्या घरात किल्ला उभा होता. आणि त्या ड्रमात एकही अळी नव्हती.

सकाळी वाटी भरून निघालो. बेत असा की गुपचूप ओतायची आणि कालचं खोटं खरं करून टाकायचं. काकाजी बाजेवर बसले होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "कोणाच्या घरचं आणलं?"

"आमच्याच," मी म्हणालो.

"आज नको टाकू. टाक्याले नळाच्या दवाईचा वास येऊन राहिला, मरून जातीन. एक दिवस ऊन लागू दे." त्यांनी बाजेवर सरकून जागा केली. "काल तू 'आहेत' म्हणलं, मले बरं वाटलं. तुही काकी बी असंच म्हणे. मले दिसेनासं झालं तवापासून काकीच पाहून सांगे. एका हिवाळ्यात टाकं सारं रिकामं झालं होतं, तरी ते रोज म्हणे, आहेत. मी बी रोज विचारो."

काकी जाऊन पाच वर्षं झाली. पुढे त्या हिवाळ्याचं काय झालं, ते मी विचारलं. काकाजी म्हणाले, एक दिवस ती माहेरी गेली आणि रामाकोन्याच्या डोहातून लोटाभर पाणी घेऊन आली. येताना बसमध्ये लोटा मांडीवरून खाली ठेवला नाही. त्यांना तेव्हा काही बोलली नाही, नुसतं ओतून दिलं.

मग त्यांनी भिंग पुढे केलं.

मी वाटी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ मोजत राहिलो. काकाजींनी घाई केली नाही.

"अकरा," मी म्हणालो. "पिशव्यावाली एकच आहे."

या वेळी मोजूनच सांगितलं होतं.