थेआताईच्या लग्नाची आगाऊ बातमी

लग्नाची बातमी लिहायला लग्नाला हजर राहावं लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या नॉर्डलियाचं साप्ताहिक कधी वाचलेलं नाही. मी वाचते. नुसती वाचत नाही, शाळा सुटली की तिथे जाऊन छपाईचे खिळे जुळवते, त्यामुळे उलटंही वाचते. आणि सांगते, गेल्या वर्षात आमच्या गावात लागलेल्या प्रत्येक लग्नात वधू 'मोहक' होती, जेवण 'सुग्रास' होतं, आहेर 'विपुल आणि उपयुक्त' होते. यात हाउगेनांची मुलगीही आली. तिला लग्नाच्या दिवशी गालगुंड झालं होतं. तरी मोहक!

तेव्हा माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न ठरल्यावर मी संपादक टेलफसनकाकांना सांगून टाकलं, "ही बातमी मी लिहिणार."

टेलफसनकाकांची दाढ ठणकत होती. जबड्याला मफलर बांधून ते सशासारखे दिसत होते. "हं," ते म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ 'हो' असा मी लावला. मग दाढ काढायला शहरात जाताना त्यांनी पहिल्या पानावरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. एका टॉनिकवाल्याने ऐनवेळी जाहिरात मागे घेतली होती. "भोक... भर," ते कण्हले, आणि गेले.

आता माझा हिशेब बघा. लग्न गुरुवारी. अंक छापायचा बुधवारी संध्याकाळी. टपालवाला ओस्मुन तो शेतांवरच्या पेट्यांत टाकतो शुक्रवारी. म्हणजे लोक वाचतील तेव्हा लग्न लागून गेलेलं असणार. मग ताईची बातमी पुढच्या आठवड्यापर्यंत शिळ्या कॉफीसारखी कशाला ठेवायची?

ताईला मात्र बातमीचं काही पडलेलं नव्हतं. ती आठवडाभर उशी भिजवत होती, आणि त्याला कारण होतं दोन चर्चं.

आमच्या गावात रस्त्याच्या या बाजूला एक चर्च आहे आणि बरोब्बर समोर दुसरं. दोन्ही लुथरन, दोन्ही नॉर्वेजियन, दोन्हींच्या घंटा सारख्याच बेसूर. भांडण एवढंच, की स्वर्गात कोण जाणार हे देवाने आधीच ठरवून टाकलंय, असं समोरचे म्हणतात, आणि माणसाच्या मर्जीलाही काही किंमत आहे, असं आम्ही म्हणतो. यावरून माझे बाबा एलिंग आणि समोरचे ब्रिन्युल्फकाका, जे लहानपणी एकाच गळाने मासे धरायचे, ते माझ्या जन्माआधीपासून एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. आणि ताईने प्रेम केलं कोणावर? ब्रिन्युल्फकाकांच्या अंटोनवर.

काकांनी निरोप धाडला होता, "लग्नाला येईन. पण एलिंगच्या टेबलावरचा घास खाणार नाही. गाडीतच बसेन."

"जन्मभर त्या घरात राहायचंय मला, बोर्गिल्ड," ताई म्हणायची. "सासरा माझ्या बापाच्या दारात उपाशी बसला, तर त्या घरात मी कोणत्या तोंडाने जेवू?"

म्हणून मी बातमी लिहिताना ताईला हवं तसं लग्न लावलं. ऊन सोनेरी पाडलं. पंगत फुललेल्या सफरचंदाच्या झाडांखाली बसवली. पाद्रीबुवांचं प्रवचन 'आटोपशीर' केलं. मालेनेआत्याचा एकावर एक रचलेल्या बदामाच्या कड्यांचा केक, जो आजवर प्रत्येक लग्नात कलंडला आहे, तो 'शेवटपर्यंत ताठ' उभा केला. मग हात सैल सुटला. लिहिलं : 'दोन्ही व्याह्यांनी पाणावल्या डोळ्यांनी एकमेकांना मिठी मारली व शेजारी बसून भोजन केले.' थोडी जागा उरली होती, म्हणून खाली जोडलं : 'वधूची धाकटी बहीण कु. बोर्गिल्ड हिने आपल्या गोड आवाजात गीत गाऊन सर्वांना रडवले.'

भोक भरलं.

फक्त एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. ओस्मुनलाही लग्नाचं आमंत्रण होतं. दोन दिवस सलग आराम मिळावा म्हणून त्या कर्तव्यदक्ष माणसाने शुक्रवारचं टपाल गुरुवारी पहाटेच वाटून टाकलं.

सकाळी फोन खणखणला. आमच्या लाइनवर अकरा घरं आहेत. एकाने उचलला की अकरा श्वास ऐकू येतात.

"मालेने," शेजारच्या गुरीनेमावशी म्हणत होत्या, "तुमचं लग्न छान झालं हं."

"अजून व्हायचंय," आत्या म्हणाली.

"छापून आलंय."

"काय छापून आलंय?"

"तुझा केक पडला नाही म्हणून." लाइनवर कोणीतरी खुदकन हसलं. आत्याने फोन ठेवला आणि म्हणाली, "पडत नाही म्हणजे नाही. बघतेच कसा पडतो ते."

ताईने अंक वाचला आणि ती पांढरी पडली. "बोर्गिल्ड, हे ब्रिन्युल्फकाकांनी वाचलं असेल?"

"त्यांची पेटी रस्त्यावर पहिली आहे," मी म्हणाले.

"मग आता ते गाडीतही बसायचे नाहीत. घरीच बसतील."

पण आले ते. सगळेच आले, आणि प्रत्येकाच्या खिशातून साप्ताहिकाचं टोक डोकावत होतं. आईने टेबलं घरात मांडली होती. ओस्मुन म्हणाला, "आत कशाला? झाडांखाली लिहिलंय."

"बाहेर वारा किती आहे बघा," आई म्हणाली.

"वहिनी, मी अख्ख्या पंचक्रोशीत वाटलेत अंक. खोटा पाडता का मला?"

टेबलं बाहेर निघाली. सफरचंदाला अजून कळ्याच होत्या. पाहुणे कोटाच्या कॉलरी वर करून झाडांखाली बसले आणि 'वा, काय ऊन पडलंय' म्हणत कुडकुडत राहिले.

पाद्रीबुवांनी प्रवचन सुरू केलं. ते आदम-हव्वेपासून निघाले की पोटात कावळे ओरडायला लागेपर्यंत नोहापाशी पोहोचतात. या वेळी आदमला नुसती फासळी दुखत होती तोच पहिल्या बाकावर कोणीतरी वर्तमानपत्र उघडलं. मग दुसऱ्याने. कागदांची सळसळ ऐकून पाद्रीबुवा थबकले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "थोडक्यात काय, सुखी राहा." असलं आटोपशीर लग्न आमच्याकडे आजवर लागलेलं नाही.

मग सगळी पंगत वळून रस्त्याकडे बघू लागली. ब्रिन्युल्फकाका लग्न लागताच गाडीत जाऊन बसले होते. हातात अंक. ताई टेबलापाशी उभी होती.

"अहो ब्रिन्युल्फ, मिठी राहिली," ओस्मुनने हाक मारली.

काका उतरले, चालत केकच्या टेबलापर्यंत आले आणि टेबलाच्या त्या बाजूला उभे राहिले. "मी मिठी मारणार नाही," ते म्हणाले. "हे सांगायला आलो."

"का बरं?" बाबा या बाजूने म्हणाले. "सगळं आधीच ठरलेलं असतं ना तुमच्यात? हे तर छापूनही आलंय."

"ठरलं असेल तर होईल. मी हलायची गरज नाही. तुझी ती मर्जी कुठे गेली, एलिंग? मार की मिठी, तुझ्या मर्जीने."

"माझी मर्जी नाही."

"मग माझं ठरलेलं नाही."

"लहानपणापासून असाच आहेस तू. मासा लागला की 'देवाने दिला', सुटला की 'एलिंगने सोडला'."

"तूच सोडला होतास तो!"

"बाबा," ताई म्हणाली. एवढंच. पण तिचा आवाज असा होता की दोघेही बुटांकडे बघायला लागले.

त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला.

केक कलला. आत्या किंचाळली, "धरा!" आणि दोन्ही म्हातारे दोन्ही बाजूंनी झेपावले. चारही हात केकभोवती आवळले गेले, दोन दाढ्या कड्यांवर आपटल्या, बदामाचा नि साखरेचा धुरळा उडाला. केक उभा राहिला. त्याच्याभोवती घट्ट मिठीत, नाकाला नाक लावून, शिंकून शिंकून डोळ्यांतून पाणी गाळत माझे बाबा आणि ब्रिन्युल्फकाका उभे होते.

"पाणावल्या डोळ्यांनी," ओस्मुनने मोठ्याने वाचलं.

"सोडू नका," आत्या म्हणाली. "सोडलात तर पडेल. शेवटपर्यंत ताठ छापलंय."

सोडता येईना, म्हणून मग केकच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या आल्या. एकेक हात केकला, एकेक हात जेवायला.

"ठरलेलंच होतं," काका बटाट्याच्या पोळीचा, लेफ्सेचा, तुकडा लोण्यात बुडवत म्हणाले.

"मी माझ्या मर्जीने धावलो," बाबा म्हणाले. "ते भाजलेलं बदक घे. थेआने केलंय."

"घेतोय. कोणाच्या मर्जीने घेतोय ते विचारू नकोस."

ताई स्वयंपाकघरात जाऊन रडली, पण ते वेगळं रडणं होतं. अंटोन दाराशी टॉवेल घेऊन उभा होता.

मला वाटलं, संपलं. मी बदकाची तंगडी उचलली, तोच ओस्मुनने घसा खाकरला. "एक ओळ राहिली. 'कु. बोर्गिल्ड'."

"ते जागा भरायला होतं," मी म्हणाले.

"छापलंय," ब्रिन्युल्फकाका म्हणाले. बाबांनी मान डोलावली. एवढ्या वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

मी गायले. पहिल्या कडव्याला शेजारचा कुत्रा उठून गेला. दुसऱ्या कडव्याला हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. म्हणजे रडवलं, तेही खरंच झालं.

सोमवारी टेलफसनकाका दाढेविना परतले. त्यांनी बातमी नीट वाचली, गावात चौकशी केली, आणि मला म्हणाले, "पोरी, आगाऊ आहेस. पण चोख आहेस. एक चूक सोडली तर." पुढच्या अंकात पहिल्या पानावर त्यांनी छोटी चौकट टाकली. खिळे माझ्याकडूनच जुळवून घेतले.

'दुरुस्ती : गेल्या अंकातील विवाहाच्या वृत्तात "गोड आवाजात" असे छापले गेले आहे. तेथे केवळ "आवाजात" असे वाचावे.'