शुद्धीतला पूल

नदीच्या दोन्ही काठांवरून एकाच वेळी बांधत आणलेला पूल मधोमध पोहोचला, तेव्हा त्याची दोन टोकं एकमेकांना भेटली नाहीत. एक टोक दुसऱ्यापेक्षा चांगलं पुरुषभर उंच निघालं. मुख्य अभियंत्यांची नोकरी जाणार, हे उघड होतं.

साहेब मात्र निर्धास्त होते. दोन घोट घेतल्याशिवाय डोकं चालत नाही अशी त्यांची श्रद्धा असल्याने टेबलाच्या खणात घरून आणलेली बाटली कायम असे. घोट पोटात गेले की त्यांचा आवाज चढे, पाय अडखळत आणि सही झोकात होई. खात्याच्या नियमानुसार शुद्धीत केलेली चूक म्हणजे बडतर्फी. नशेत केलेली चूक हा आजार, आणि त्यावर उपाय भरपगारी रजा.

"पुलाची मापं तपासताना मी झिंगलेलो होतो," साहेबांनी चौकशी समितीपुढे छाती काढून सांगितलं. समितीने सहानुभूतीने माना डोलावल्या.

तेवढ्यात दार ढकलून साहेबांची बायको आत आली. नवऱ्याची अब्रू वाचवायला बिचारी धावतपळत आली होती.

"खोटं आहे हो! वर्षभरात यांच्या पोटात थेंब गेलेला नाही. बाटली रोज मीच भरते. गार केलेला कोरा चहा असतो त्यात."

"अगं, गप्प बस!" साहेब ओरडले. "मग माझे पाय अडखळतात ते?"

"ते तुमचे तुम्हीच अडखळवता."

घरून आणलेली आपली बाटली पायाने खुर्चीखाली सारत समितीच्या अध्यक्षांनी हळूच विचारलं, "वहिनी, ही युक्ती आमच्या हिला तर सांगितली नाहीत ना?"

"तिनेच तर मला शिकवली!"

बाकीच्या सदस्यांनीही आपापल्या बाटल्या हुंगून पाहिल्या; सगळ्यांत चहाच निघाला. म्हणजे आजवरचे रस्ते, नेमणुका, बढत्या, सगळं शुद्धीत झालं होतं! हे कबूल करायचं तर अख्खं खातं घरी बसलं असतं. समितीने एकमताने ठराव केला, की चहा हे मादक पेय आहे. साहेब निर्दोष सुटून रजेवर गेले. पुलाला मध्ये शिडी लावण्यात आली.

हसताय? खुशाल हसा. उद्या तुमच्या हातून काही चुकलं, की तुमचे साहेब मायेने विचारतील, "सकाळी चहा घेतला होता का?" आणि तुम्ही, एकच कप घेतलेला असला तरी, दोन म्हणून सांगाल.