सूर्याच्या फेऱ्याची आणि एक्याऐंशी कोऱ्या कागदांची हकीकत

श्रीसूर्यनारायण समर्थ, जो नित्य उगवतो आणि दरबारची आज्ञा मागत नाही, त्यास दंडवत. शके सोळाशे ब्याण्णव, विकृती नाम संवत्सरे, फाल्गुन मासी एका राज्यात जो अन्याय जाहला तो घडला तसा लिहिला आहे. राज्याचे नाव लिहिले नाही, कारण लिहावयास लाज वाटते.

त्या राज्यात मोरभट पळशीकर म्हणोन ज्योतिषी होते, वय त्रेसष्ट, आणि त्यांणी एका फिरंगी सौदागरापासून दुर्बीण मिळविली होती, आणि राजवाड्यामागील अंधाऱ्या कोठीच्या झरोक्यास ती बांधून सूर्याचे बिंब समोरील कागदावर पाडीत असत, कारण सूर्याकडे थेट पाहणे म्हणजे डोळे गमावणे. मग त्या बिंबावर काळे डाग दिसले, आणि दुसरे दिवशी तेच डाग किंचित सरकलेले दिसले, आणि भटजींच्या मनाने घेतले की सूर्य स्वतःभोवती फिरतो. मग मार्गशीर्षापासून रोज दोन प्रहरी, अंगात ज्वर असो की घरी श्राद्ध असो, बिंबाभोवती वर्तुळ काढावे आणि आतला डाग शाईने टिपावा, ऐसा क्रम चालविला. एक मोठा डाग पूर्वेच्या कडेने शिरला, आणि तेरा दिवसांत बिंब ओलांडून पश्चिमेस बुडाला, मग चौदा दिवस दिसेना, आणि सत्तावीस दिवस भरताच पुन्हा पहिल्या जागी हजर. ऐसे तीन फेरे जाहले, एक्याऐंशी कागद जाहले, आणि टिपता टिपता भटजींचे डोळे मंद जाहले.

महाराजांनी हे ऐकून आज्ञा केली की, फाल्गुन शुद्ध दशमीस कागद दाखवावे. पटले तर सूर्याचा फेरा राज्याच्या पंचांगात लिहू आणि कोठी भटजींस हयातभर देऊ. न पटले तर कोठी फरासखान्यास, तंबू ठेवावयास. आता त्या दरबारचा दस्तूर ऐसा की, कोणताही कागद महाराजांपुढे जाण्याआधी आठ दिवस चिटणिसांकडे द्यावा, आणि तेथे त्याची स्वच्छ नक्कल व्हावी, आणि मूळ कागद धुऊन घोटून पुन्हा कामी लावावा. चिटणीस राघो अबाजी म्हणजे टापटिपीचा कळस. शाईचा ठिपका पडलेला कागद त्यांच्या दफ्तरात सात पिढ्या शिरला नव्हता. भटजींनी भोळेपणाने गठ्ठा हवाली केला आणि घरी जाऊन स्वस्थ निजले.

मग दशमीस दरबार भरला आणि नकलांच्या गठ्ठ्याचा रुमाल सोडला. पहिला कागद पाहतात तो वर्तुळ सुरेख, तिथी सुरेख, आणि आत काही नाही! दुसरा उलटला, तिसरा उलटला, एक्याऐंशीही तैसेच, घासल्या परातीसारखे लखलखीत. चिटणीस नम्रपणे उठोन बोलिले, "भटजींचा हात वयोमानाने थरथरतो. पानोपानी शाई सांडली होती. आमच्या कारकुनांनी एक ठिपका राहू दिला नाही." काय म्हणावे या अकलेला? तीन महिने एका माणसाने डोळ्यांत तेल घालून जे टिपले, तेच यांनी निगुतीने वगळले, आणि वर मिशांवर ताव! मूळ कागद मागावे तर ते धुतले गेले, आणि त्यांवर होळीच्या मेजवानीची याद चढली. भटजींच्या तळपायाची आग मस्तकास गेली. ते बोलिले, "महाराज, डाग पुसले ते कागदावरचे. सूर्यावरचे आहेत तेथेच आहेत." मग दुर्बीण आणवून पांढऱ्या गादीवर बिंब पाडिले आणि डाग दाखविले. महाराज वाकून पाहते जाहले आणि म्हणाले, "डाग आहेत खरे. फिरतो हे कोठे दिसले?" भटजींनी सत्तावीस दिवस मागितले. महाराजांस दुसरे दिवशी स्वारीस निघणे होते, म्हणोन कोठी फरासखान्यास दिली, आणि दफ्तर इतके स्वच्छ ठेविले म्हणोन शालजोडी चिटणिसांस दिली. यास न्याय म्हणतात!

भटजी दुर्बीण काखेस मारून बाजारातून निघाले आणि भागू तेलिणीच्या ओट्यावर बसून मुलासारखे रडले, आणि तिने पुसले म्हणोन सारे सांगितले. भागू म्हणाली, "भटजीबाबा, माझ्या घाण्याचं खोपट भर दुपारीसुद्धा अंधारं असतं. तिथं बांधा तुमची नळी. आणि कागद नको. भिंतीवर काढा, म्हंजे कोणी उचलून न्यायचं नाही."

मग भिंतीवर एकच वर्तुळ काढिले, आणि त्या दिवशी पूर्वेच्या कडेशी जो नवा डाग होता तो कोळशाने टिपला, आणि रोज दोन प्रहरी पुढली खूण केली. बैल थांबवून भागू पाही, मग शेजारची भाजीवाली पाही, मग साळी, मग कासार, आणि भटजींनी न बोलाविता सारा बाजार पाहू लागला. डाग पश्चिमेस बुडाला आणि लोक दिवस मोजू लागले. सत्तावीस भरले त्या दोन प्रहरी खोपटात पाय ठेवावयास जागा नव्हती. भटजी दुर्बीण लावून भिंतीपाशी उभे राहिले, आणि त्यांस आता बिंबाचा नुसता उजेड दिसे, आत काय ते दिसेना. त्यांणी हळू पुसले, "भागू, आला का गं?"

भागूने पहिल्या खुणेवर बोट ठेविले आणि भटजींचा हात धरून त्या बोटावर नेला. म्हणाली, "आला, बाबा. हितंच आलाय."

एवंच, आम्हांस दिसतो त्याप्रमाणे सूर्याचा एक फेरा सत्तावीस दिवसांचा. राज्याच्या दफ्तरी हे नाही. तेलिणीच्या भिंतीवर आहे. घडले ते लिहिले, गाळले काही नाही.