मिठाचा मंतर आणि हैबतरावांची झोप

ऋतुजा घरतचं एक ठाम मत होतं. जगातली कुठलीही गोष्ट नुसता रंग बदलून नवी करता येते! पेणला पुंडलिककाकांच्या गणपती कारखान्यात ती सहा वर्षं डोळ्यांची आखणी करत होती. एकाच साच्यातले दोनशे गणपती, एकाला पिवळं पितांबर, दुसऱ्याला जांभळं, की गिऱ्हाईक म्हणायचं, "हा काहीतरी वेगळाच दिसतोय हां!" त्यामुळे शहाण्णवच्या श्रावणात तिचा मामेभाऊ साहिल तो विचित्र खेळ घेऊन आला, तेव्हा खेळ तिला पहिल्याच दिवशी कळला, आणि दुसऱ्या दिवशी तिने तो बदलायला घेतला.

साहिल रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. डिप्लोमाच्या हॉस्टेलवर शिकलेल्या या खेळाला ना पट, ना सोंगट्या. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं: योद्धा, चोर, नाहीतर जादूगार. साहिल गोष्ट सांगणार, "समोर राक्षस उभा आहे, काय करता?" आपण काय करतो ते सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते आकडा सांगणार. नियम सगळे एका इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्समध्ये. दर गुरुवारी साहिलची सुट्टी असायची. तो गाडीने पेणला यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत ऋतुजा आणि तिची मैत्रीण पूजा कारखान्यातच खेळायला बसायच्या.

ऋतुजा झाली जादूगारीण. नाव खारी, जन्म धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरात.

"खारी आगीचा गोळा फेकते," साहिल वाचून म्हणाला.

"आग कुठली? खाडीत आग असते का? ती उकळत्या खाऱ्या पाण्याचा गोळा फेकते!"

"पुस्तकात आग हाय, ऋतु."

"पुस्तकवाल्याने मिठागर बघितलं नाय, त्याला मी काय करू? फासे तेवढेच टाक, राक्षसाला लागू दे तेवढंच. साचा तोच, रंग माझा!"

साहिलने डोकं खाजवलं. पुस्तकात याला बंदी कुठेच नव्हती.

मग काय! बिलबुकाच्या पाठीमागे खारीचे मंत्र तयार होऊ लागले. शत्रूला अडकवणाऱ्या जाळ्याचा झाला गुडघाभर चिखल. झोपेच्या मंत्रात पुस्तकवाला चिमूटभर वाळू उडवत होता. ऋतुजाने लिहिलं, 'उशाशी मूठभर जाडं मीठ ठेवावं आणि ओहोटीच्या लाटा शंभरापासून उलट्या मोजाव्यात. समोरचा झोपलाच पाहिजे!'

ते तिने मोठ्याने वाचलं आणि पलीकडे मूर्ती घासणाऱ्या हौसामावशीच्या हातातला पॉलिशपेपर थांबला.

हौसामावशी कासूहून यायची. तिचे यजमान हैबतराव धरमतरच्या खाडीतल्या मालवाहू बार्जवरून निवृत्त होऊन घरी बसले होते आणि तीन महिन्यांत त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. माणूस उंचीला सहा फूट, मिशा म्हणजे दोन खराटे, आणि चेहरा मात्र धुवून पिळलेल्या धोतरासारखा! घरी जाताना मावशीने तो मंत्र ऋतुजाकडून कागदावर लिहून घेतला.

शनिवारी मावशी कारखान्यात शिरली ती नाचतच. "ऋतुजा गो! तुजा मंतर लागला! आमचे ते गाढ झोपले!"

"मावशी, तो खेळ हाय."

"खेल आसू दे नायतर काय आसू दे. डोला लागला ना?"

इथे ऋतुजाने गप्प बसायला हवं होतं. पण तिला राहवेना. खरंच झोपले? मिठाने? ती विचारू लागली, किती वेळात झोपले, कूस बदलली का, घोरले का, मीठ डावीकडे होतं की उजवीकडे? आणि मावशी सांगेल ते लिहून घेऊ लागली. एवढ्या चौकश्या फक्त जाणता माणूस करतो, हे मावशीने संध्याकाळच्या गाडीत बसलेल्या सगळ्या बायकांना सांगितलं. गाडी पुढे निडीवरून रोह्याला जाते!

सोमवारी कारखान्याच्या दारात अकरा माणसं. कुणाची म्हैस लाथा मारत होती, कुणाची बायको माहेरून येत नव्हती, एका आजोबांना जावई अदृश्य करून हवा होता.

"हितं गणपती घडतात का भगत?" पुंडलिककाका कडाडले. "परवा ट्रक भरायचाय, आणि साठ गणपती डोल्यावाचून बसलेत!"

'मला काही येत नाही,' म्हणत ऋतुजाने हात जोडून सगळ्यांना घालवलं. ते जाताना आणखीच भारावले. खरा जाणता कधी कबूल करत नाही ना!

मंगळवारी अकराच्या सुमाराला हौसामावशी धापा टाकत आली. "गो पोरी, उतारा दे! ते उठत नायत!"

"म्हणजे?"

"काल दुपारी झोपलेत. हाका मारल्या, हालवलं. हूं करतात नि परत झोपतात!"

ऋतुजाच्या हातातला ब्रश गणपतीच्या डोळ्याऐवजी कानात गेला. माणसाला काही झालं तर? जादू खोटी असली तरी कागद तिच्या अक्षरातला होता! ती धावत एसटीडी बूथवर गेली आणि रोह्याला कंपनीच्या गेटवर फोन लावला.

"साहिलला निरोप द्या! लौकर! कासूला हैबतराव काल दुपारपासून उठत नाहीत! मिठाने झालंय! उतारा काय ते विचारा!"

गेटवरचा वॉचमन केमिकल कंपनीतला. 'उठत नाही', 'मिठाने' आणि 'उतारा' एवढं ऐकून त्याने जे करायचं तेच केलं.

ऋतुजा आणि मावशी रिक्षाने कासूला पोचल्या, तर पाठोपाठ सायरन वाजवत कंपनीची ॲम्ब्युलन्स हजर! आतून साहिल उतरला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, काखेत झेरॉक्स. अर्धा गाव अंगणात.

"नियम स्पष्ट हाय," तो ऋतुजाच्या कानात कुजबुजला. "झोपलेल्याला थोबाडीत दिली की मंत्र तुटतो."

सगळ्यांनी दारातून हैबतरावांच्या मिशांकडे पाहिलं. कुणीच पुढे सरकेना. साहिलने सवयीने खिशातून फासा काढला आणि ऋतुजाची नजर बघून परत ठेवला.

तेवढ्यात तिच्या कानावर आवाज पडला. घर्रर्र... घर्रर्र... मागच्या पडवीतून, एकसारखा.

"मावशी, हे काय वाजतंय?"

"मंतर!" मावशी म्हणाली. "मला उलटं मोजाया कुटं येतंय? तू म्हनलीस ना, साचा तोच नि रंग आपला? मग मी मोजायच्या जागी जातं धरलं. आर्दवट सोडला तर बाधायचा, म्हनून कालपासून शेजारच्या बाया पाळीपाळीनं दळतायत!"

ऋतुजा पडवीत गेली. पिठाने पांढरी झालेली शेजारीण खुंटा फिरवत होती. भोवती तांदळाच्या पिठाचे डोंगर.

"जरा थांबा," ऋतुजा म्हणाली.

जातं थांबलं. घर शांत झालं. आतून हैबतराव ताडकन उठून बसले.

"इंजन का बंद केलं रे?" ते गरजले. मग दारातली गर्दी, पिवळं हेल्मेट आणि ॲम्ब्युलन्स बघून त्यांचा आवाज उतरला. "कोन गेलं?"

एकतीस वर्षं हा माणूस बार्जच्या इंजिनवर फळी टाकून झोपला होता! घरातली शांतता त्याला सोसत नव्हती, एवढंच. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने कपाळाला हात लावला, आणि मावशीने त्याला तीन किलो पीठ बांधून दिलं.

साठ गणपतींचे डोळे ऋतुजाने बुधवारी दिवसभर न उठता पुरे केले. कानात बुबुळ असलेला गणपती काकांनी मुद्दाम तिच्यासमोर ठेवला होता.

गुरुवारी हैबतराव स्वतः कारखान्यात आले. एवढा बोभाटा ज्याने झाला तो खेळ तरी काय, हे त्यांना बघायचं होतं. साहिल खूश झाला. त्याने त्यांना योद्धा केलं, हातात फासा दिला, आणि "आधी नियम समजून घ्या, काका," म्हणून झेरॉक्स उघडून वाचायला लागला.

जातं नाही, मीठ नाही. दुसऱ्या पानावर हैबतराव घोरत होते.

ऋतुजाने हळूच बिलबुक उलटं केलं आणि लिहिलं, 'झोपेचा मंत्र: साहिल.'